आजींचे एकोणऐंशी

रविवारी बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका वाड्यात आमच्या शुगर-स्ट्रिपची चाचणी होती. बोटातला थेंब स्ट्रिपवर, शिरेतलं रक्त राखाडी आणि जांभळ्या टोपणाच्या नळ्यांत, नळ्या लॅबला. स्ट्रिपचा आकडा पेशंटला सांगायचा नाही.

मी सांगितला. आजी रात्रीची शुगरची गोळी घेऊन उपाशीपोटी आल्या होत्या. "बाळा, किती आली रे?" "एकोणऐंशी, आजी. झकास!"

दहा मिनिटांत झोपाळ्यावर बसल्या बसल्या त्या घामानं निथळल्या, जीभ जड झाली. मी धावलो ते मशीनकडेच. दुसरी स्ट्रिप: ७४. "शुगर ठीक आहे, बीपी बघा," असं ओरडलोही. नर्सबेननं मशीनकडे ढुंकून पाहिलं नाही. साखरेचं पाणी पाजलं, मग आजींची खालची पापणी ओढून मला दाखवली. पांढरीफटक. "भाई, पहेलां आंख जुओ."

संध्याकाळी लॅबचा रिपोर्ट: शुगर ५८, हिमोग्लोबिन ६.२. दोन्ही फार कमी.

पापणीतच उत्तर होतं: पांढरी पापणी म्हणजे रक्तात लाल पेशी कमी. रक्तातल्या लाल पेशींची गर्दी साखरेला स्ट्रिपवरच्या इलेक्ट्रोडपर्यंत पोचताना आडवी येते, आणि मशीन आकडा काढतं तो तिथल्या करंटवरून. पेशी कमी तर वाट मोकळी, करंट जास्त, आकडा फुगलेला. हे मी इतरांना शिकवतो! पण आमचं कॅलिब्रेशन, म्हणजे किती करंटला किती साखर हे ठरवणं, झालं हॉस्टेलच्या पोरांच्या रक्तावर. साखर वाढवायची तर ग्लुकोजचे थेंब घाला, कमी करायची तर नळी टेबलावर ठेवून द्या, पेशीच साखर खातात. इतकी नजाकत केली, पण पोरं सगळी धडधाकट. पेशींचं प्रमाण ४२ ते ४५ टक्के. आजींचं असेल १९च्या आसपास. चांगली मशीन्स हे प्रमाण वेगळं मोजून आकडा सुधारतात. आमच्याकडे ती सोय "पुढच्या व्हर्जनला" ढकलली होती, स्ट्रिपमागे थोडे पैसे वाचावेत म्हणून. त्या मीटिंगमध्ये मीही मान डोलावली होती.

सोमवारी सहकारी म्हणाला, "एकच आउटलायर आहे, बाकीच्यांशी न जुळणारा आकडा, काढून टाकू." पोरगा हुशार आहे, पण त्याच्यासाठी रक्त म्हणजे फ्रिजमधली बाटली. शुगर शंभराखाली असेल तर १५ची चूक चालते, ही २१ची आहे. आणि आपल्याकडे पांढऱ्या पापण्यांच्या बायका आउटलायर कधीपासून झाल्या?

आकड्यांच्या तक्त्यातली आजींची ओळ मी पिवळी करून ठेवली आहे. आजींकडे काल गेलो होतो. चहा दिला, म्हणाल्या, "तुझ्या मशीननं ठीक सांगितलं होतं, मलाच सोसलं नाही बघ." खरं काय ते सांगायचं म्हणून गेलो होतो, चहा पिऊन परत आलो.