पिशवी काढण्याआधी

“बाई, अंगावरून पांढरं जातंय. पिशवी काढून टाकू का?”

नोकरीत असताना हा प्रश्न उपकेंद्राच्या ओट्यावर यायचा. आता निवृत्तीनंतर फोनवर येतो, नाहीतर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली एखादी हळूच विचारते. विचारणारी सहसा चाळिशीच्या आतली, पुष्कळदा तिशीचीच. दोन लेकरं झालेली, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं. म्हणजे पिशवीचं, गर्भाशयाचं काम संपलं, असं तिनं आणि घरातल्यांनी ठरवूनच टाकलेलं. पंगतीत सगळं सांगता येत नाही आणि फोनवर ती घाईत असते. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

मी एएनएम, म्हणजे उपकेंद्राची सिस्टर म्हणून लागले आणि एलएचव्ही, म्हणजे सिस्टरांवर देखरेख करणारी म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी मराठवाड्यात. आमच्या रजिस्टरात गरोदर मातांचे रकाने होते, बाळंतपणाचे होते, तांबीचे (कॉपर-टीचे) होते, ऑपरेशनच्या केसेसचे तर ठळक होते, कारण त्याचं टार्गेट असायचं. पांढरं जाणं, पाळीत अति रक्तस्राव, ओटीपोटात दुखणं, अंग बाहेर येणं, यांतल्या एकाही गोष्टीला रकाना नव्हता. बाईला दिवस गेले की ती आमच्या यादीत यायची, बाळंत झाली की यादीतून जायची. अधेमधे तिच्या शरीराचं काय चाललंय हे विचारायची जबाबदारी कुणाचीच नव्हती.

ते पहिल्यांदा विचारलं गेलं गडचिरोलीत. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायका-मुलींची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्यांची नाही, गावात राहणाऱ्यांची. हा फरक महत्त्वाचा आहे. दवाखान्यात येते ती आजारीच असते, तिच्यावरून गावाचा अंदाज बांधता येत नाही. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के जणींना एक ना एक स्त्रीरोग निघाला. सरासरी धरली तर एकेकीला साडेतीनपेक्षा जास्त आजार. तपासलेल्यांपैकी ५५ टक्के जणींनी काहीतरी तक्रार सांगितली होती, उरलेल्या ४५ टक्के जणींना विचारलं तर काहीच त्रास नव्हता. आणि याआधी अशी तपासणी आणि उपचार झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के.

मी हे आकडे पहिल्यांदा एका प्रशिक्षणात ऐकले, तेव्हा वर्गातल्या आम्ही सगळ्या सिस्टर गप्प झालो. आश्चर्यानं नाही. आम्हाला ते माहीतच होतं. रोज बघत होतो. पण आपण बघतो ते कुणीतरी मोजलंय आणि जगापुढे मांडलंय, याचं बळ वेगळं असतं. आपल्या बायका दुखणं अंगावर काढतात असं आपण सहज म्हणतो. गडचिरोलीनं दाखवून दिलं की किती काढतात.

त्या अभ्यासातली एक गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते, आणि नेमकी तीच लोकांपर्यंत गेली नाही. सापडलेल्या आजारांपैकी जवळजवळ निम्मे होते जननमार्गाचे जंतुसंसर्ग. जंतुसंसर्ग म्हणजे बहुतेक वेळा गोळ्यांनी बरा होणारा आजार. दह्याच्या कवड्यांसारखं पांढरं आणि सोबत खाज असेल तर बहुतेक वेळा बुरशी असते. पातळ, राखाडी आणि माशासारखा वास असेल तर जंतूंचं प्रमाण बिघडलेलं असतं. हिरवट-पिवळं, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास नावाचा जंतू असू शकतो. तेव्हा नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात, नाहीतर आठ-पंधरा दिवसांत पुन्हा तेच. (नवऱ्याला गोळ्या द्यायला मी पाठवायची, आणि तो “मला काय झालंय?” म्हणून परत पाठवायचा. पुष्कळ बायकांचा आजार इथंच अडलाय.) आणि पाळीच्या मधल्या दिवसांत जाणारं स्वच्छ, चिकट पाणी हा आजारच नाही. यांतल्या एकाही गोष्टीसाठी पिशवी काढायची गरज नसते.

तरी पिशव्या निघतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या बातम्या आल्या, तेव्हा राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींमागे एकीची. ऊसतोडीचं गणित ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. एका दिवसाचा खाडा पडला तर त्याचे पैसे कापले जातात. फडावर संडास नाही, धुवायला पुरेसं पाणी नाही, पाळीत कापड बदलायला आडोसा नाही, पहाटेपासून वाकून तोडणी आणि डोक्यावर मोळ्या. संसर्ग होईल नाहीतर काय होईल? मग ती गावी आल्यावर दवाखान्यात जाते. सोनोग्राफी होते. “पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल” असं कानावर पडतं. तिला वाटतं, एकदाच काय ते उरकून टाकू, पुढचा हंगाम तरी खाड्याशिवाय जाईल.

त्या गदारोळानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं सक्तीचं झालं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी लागू करावीत असा आदेश दिला. चांगलंच झालं. पण परवानगीच्या कागदानं फडावर संडास येत नाही.

“पुढं कॅन्सर होईल” या वाक्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण भीती तिथंच आहे. सोनोग्राफीत पिशवी थोडी मोठी दिसली म्हणजे कॅन्सर नव्हे. मुलं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असतेच. फायब्रॉइडच्या गाठी पन्नाशीपर्यंत कितीतरी बायकांना होतात. त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी असतात आणि पाळी गेल्यावर आक्रसतात. पिशवीच्या तोंडाला ‘जखम’ आहे म्हणून सांगतात, तीही बरेचदा जखम नसतेच. आतलं नाजूक अस्तर तोंडाशी बाहेर आलेलं असतं, लाल दिसतं, आणि तरुण बायकांमध्ये ते नेहमीचंच आहे. या एका लालसर दिसण्यावरून घाबरवून टाकलेल्या किती बायका मी शांत केल्या असतील.

पिशवी कधीच काढू नये असं मी म्हणत नाही. माझ्या सख्ख्या नणंदेची काढावी लागली. तिला अॅडिनोमायोसिस होता, म्हणजे पिशवीचं आतलं अस्तर तिच्याच स्नायूत घुसलेलं. पाळीत मडकं फुटावं तसं रक्त जायचं. हिमोग्लोबिन सारखं खाली यायचं. रक्तस्राव थांबवणाऱ्या गोळ्या झाल्या, हार्मोनची तांबी बसवून झाली, मग डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सगळं सांगितलं आणि ऑपरेशन केलं. आज ती ठणठणीत आहे. फरक एवढाच की तिच्या बाबतीत ऑपरेशन सगळ्यांत शेवटी आलं. तिशीत पिशवीसोबत बीजकोषही काढले तर पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम अंगावर येतात, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. बीजकोष ठेवले तरी ते वेळेआधी थकू शकतात. मोळी उचलायला अंगात बळ राहावं म्हणून जिनं पिशवी काढली, तिचीच कंबर पस्तिशीत जाते.

आता खऱ्या कॅन्सरचं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८०च्या दशकात हे सिद्ध केलं आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हा विषाणू बहुतेक स्त्री-पुरुषांना कधी ना कधी होतो आणि बहुतेकांचं शरीर तो वर्ष-दोन वर्षांत घालवून टाकतं. ज्या थोड्या जणींत तो ठाण मांडून बसतो, त्यांच्यातही कॅन्सर व्हायला सहसा दहा-पंधरा वर्षं लागतात. एवढी वर्षं हाताशी असूनही आपल्याकडे बायका शेवटच्या टप्प्यात येतात.

आणि या कॅन्सरवरचा जगातला एक सगळ्यांत मोठा अभ्यास आमच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे ५२ गट पाडले. काही गटांत एकदाच एचपीव्हीची चाचणी, काहींत पॅप स्मिअर, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशी काढून तपासणं, काहींत ॲसिटिक ॲसिड लावून बघण्याची तपासणी, आणि काहींत नेहमीची जी काय सोय होती तीच. आठ वर्षं सगळ्यांवर लक्ष ठेवलं. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४ बायका या कॅन्सरनं गेल्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. एकदा, आयुष्यात फक्त एकदा केलेल्या चाचणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगभरात तपासणीची धोरणं ठरवताना वापरलं गेलं.

त्या ६४ जणींचा विचार माझ्या मनातून जात नाही. तपासणी न झालेला गट ठेवायला नको होता, असा आक्षेप पुढे अनेकांनी घेतला. संशोधकांचं म्हणणं असं की देशात अशा तपासणीची सोयच नव्हती, मग तुलना त्या परिस्थितीशीच करावी लागणार. मला दोन्ही बाजू कळतात. पण ज्या मातीतल्या बायकांनी हे ज्ञान दिलं, निदान तिथं तरी पुढच्याच वर्षी प्रत्येक आरोग्य केंद्रात ही चाचणी यायला हवी होती. ती आली नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी जेमतेम १.९ टक्के जणींनी ही तपासणी कधी करून घेतली होती.

एचपीव्ही चाचणी महाग म्हणतात. तर मग मुंबईच्या झोपडपट्ट्यांतला टाटाचा अभ्यास बघा. दहावी झालेल्या मुलींना शिकवून तयार केलं. त्यांनी पिशवीच्या तोंडाला ॲसिटिक ॲसिडचं पाणी लावलं, मिनिटभर थांबून नीट उजेडात बघितलं. बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा होतो. दर दोन वर्षांनी अशी चार वेळा तपासणी झाली आणि या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उस्मानाबादेत हीच तपासणी एकदाच झाली होती, तेव्हा मृत्यूंत लक्षणीय फरक दिसला नव्हता. मला यातून एक गोष्ट दिसते: डोळ्यांनी बघायची तपासणी असेल तर ती पुन्हा पुन्हा व्हायला हवी, आणि बघणारीचा डोळा सतत तयार ठेवायला हवा. आमच्या सिस्टर लोकांना एका दिवसाच्या प्रशिक्षणावर हे करायला सांगणं म्हणजे त्यांच्यावर आणि बायकांवर, दोघींवर अन्याय आहे.

मुलींच्या एचपीव्ही लसीबद्दल थोडक्यात. पुण्याच्या सीरमच्या ‘सर्व्हाव्हॅक’ला २०२२ मध्ये परवानगी मिळाली आहे. लग्नाआधी, खरं तर वयात येतानाच ती द्यायची. पण लस घेतलेल्या मुलीनंही तिशीनंतर तपासणी करायचीच, आणि आईला लस नाही म्हणून आईनं तर नक्कीच.

तर, तिशी ओलांडलेल्या माझ्या बायांनो, त्रास असो-नसो, आरोग्य केंद्रात जाऊन ॲसिटिक ॲसिडची तपासणी मागा. सरकारी कार्यक्रमात ती मोफत आहे. पाच-दहा मिनिटांचं काम, किंचित चुरचुरतं, भूल लागत नाही, ॲडमिट व्हावं लागत नाही. पांढरा डाग निघाला तर बहुतेक वेळा तो भाग गोठवून किंवा शेक देऊन उपचार होतो, पिशवी जागेवर राहते. नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त दिसलं, किंवा पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा डाग दिसला, तर एक दिवसही अंगावर काढू नका. कुणी पिशवी काढायला सांगितली तर कागदावर आजाराचं नाव लिहून घ्या, आधी कोणकोणती औषधं करून बघता येतील ते विचारा, बीजकोष काढणार की ठेवणार तेही विचारा, आणि तो कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. तपासणीला पाळीचे दिवस सोडून कधीही जाता येतं. जाताना जावेला किंवा शेजारणीला सोबत घ्या, एकाच खेपेत दोघींचं होऊन जाईल.