शनिवारी दुपारी मुले जातात कुठे?

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, आता इस्राएलमध्ये राहतो. ठाणे, पनवेल, अलिबागकडचे आमचे नातेवाईक पाहुणे म्हणून इस्राएलमध्ये आले, की एक गोष्ट त्यांच्या हमखास नजरेत भरते. शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या ज्यू विश्रांतीच्या दिवसाचे, दुपारचे जेवण आटोपून घरातली मोठी माणसे आडवी होतात आणि नेमक्या त्याच वेळी मुले पांढरे सदरे चढवून, सोबत कोणीही मोठे नसताना, पायी घराबाहेर पडतात. कुठे चालली म्हणून विचारले की मी ‘बेने अकिवाला’ असे सांगते आणि लगेच पुढचा प्रश्न येतो: म्हणजे धर्माचा वर्ग का? महाराष्ट्रातल्या माझ्या बिगर-ज्यू मैत्रिणी तेच निराळ्या तऱ्हेने विचारतात: म्हणजे संघाची शाखा का? दोन्ही प्रश्नांना होय किंवा नाही एवढेच उत्तर देता येत नाही, म्हणून बेने अकिवा म्हणजे नेमके काय, असे तुम्ही विचारलेत त्याचे उत्तर जरा सविस्तर लिहिते.

बेने अकिवा ही धार्मिक झायोनी, म्हणजे धर्म पाळून ज्यू राष्ट्र उभारू पाहणाऱ्या, मुलांची आणि तरुणांची चळवळ १९२९ मध्ये जेरुसलेममध्ये सुरू झाली. तिचे संस्थापक येहिएल एलियाश. ‘हपोएल हमिझ्राही’ या धार्मिक कामगारांच्या संघटनेच्या छायेत ती वाढली. तो काळच अशा चळवळींचा होता. नागपूरला संघ १९२५ मध्ये निघाला आणि राष्ट्र सेवा दल १९४१ मध्ये, हे मराठी वाचकाला सांगायला नकोच. पॅलेस्टाइनमधल्या तेव्हाच्या तरुण ज्यूंपुढे मात्र एक खास पेच होता. किबुत्झ, म्हणजे सामूहिक शेतीच्या वसाहती, उभारणारे, शेतात राबणारे तरुण बहुतेक समाजवादी होते आणि धर्म ही म्हाताऱ्यांची बाब मानत होते. उलट धर्मनिष्ठ घरांत तोराचा, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाचा, अभ्यास हेच मुलाचे खरे काम समजले जाई. या दोहोंच्या मधे उभे राहून बेने अकिवाने ‘तोरा वा-अवोदा’, म्हणजे धर्माध्ययन आणि श्रम, हे ब्रीद घेतले. नाव घेतले ते दुसऱ्या शतकातल्या रब्बी (ज्यू धर्मगुरू) अकिवांचे, ज्यांच्याविषयी परंपरा सांगते, की चाळिशीपर्यंत ते निरक्षर मेंढपाळ होते. चळवळीच्या बोधचिन्हात दशाज्ञांच्या शिळा आहेत, तसाच विळा आणि गव्हाच्या ओंब्याही आहेत.

आता शाखेविषयी. शाखेला आमच्याकडे स्निफ म्हणतात. बहुतेक गावांत ती नगरपालिकेच्या एखाद्या जुन्या इमारतीत किंवा सिनॅगॉगच्या शेजारच्या खोल्यांत भरते. आठवड्यातून दोनदा मुले जमतात, एकदा कामाच्या दिवशी आणि एकदा शब्बाथला. इयत्तेप्रमाणे गट असतात आणि प्रत्येक गटाला एक किंवा दोन मद्रिख, म्हणजे मार्गदर्शक, असतात. पाहुण्यांना सर्वांत जास्त आश्चर्य वाटते ते इथे: हे मार्गदर्शक दहावी-अकरावीत शिकणारी मुले-मुलीच असतात. त्यांच्यावर देखरेख करणारी कोमुनारित ही शाखेतली सर्वांत ज्येष्ठ व्यक्ती, आणि तीही बहुधा अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी, जी लष्कराऐवजी राष्ट्रीय सेवेचे वर्ष पुरे करण्यासाठी घर सोडून परक्या गावात भाड्याच्या खोलीत राहते. ना शिक्षक, ना रब्बी, ना पालकांची समिती. रब्बी अधूनमधून येऊन बोलतात, पालक सहलीला डबे करून देतात, पण पुढच्या शनिवारी चौथीच्या मुलांना काय सांगायचे, हे सोळा वर्षांची मुलगी मंगळवारी रात्री आपला गृहपाठ बाजूला सारून ठरवते.

शब्बाथला तर तिची खरी कसोटी लागते. या दिवशी लिहिणे धर्मनियमाने वर्ज्य, म्हणून हजेरीसुद्धा तोंडीच लक्षात ठेवायची. फोन नाही, वाद्य नाही, कात्री नाही, चिकटवणे नाही, फळ्यावर काही काढणे नाही. हाताशी केवळ आवाज, अंगण आणि आठवणीतली गोष्ट. सगळे गट रांगेत उभे राहून घोषणा देतात, मग पांगून आपापल्या कोपऱ्यात बसतात, खेळ होतो, खेळातून एखादा प्रश्न निघतो (मित्राने चोरी केली तर सांगावे का, वर्गातल्या नव्या मुलीला कोणी बोलावत नसेल तर काय करावे), आणि त्याच्या अनुषंगाने मद्रिख त्या आठवड्याच्या तोरापाठातले एखादे वचन सांगते. संध्याकाळची प्रार्थना होते, गाणी होतात, मुले अंधार पडताना घरी येतात. धर्माचा वर्ग का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे: वर्ग नव्हे, पण धर्म नक्की. शाळेतला शिक्षक जे सांगतो तेच इथे सांगितले जाते. फरक एवढाच, की सांगणारी मुलगी ऐकणाऱ्यांपेक्षा फार तर सहा-सात वर्षांनी मोठी असते आणि दहा वर्षांच्या मुलाला तिच्यासारखे व्हायचे असते. शब्बाथ पाळणे हा त्याच्यासाठी मग आई-बापांचा नियम राहत नाही, मोठ्या मुलांच्या जगात शिरण्याचा रस्ता होतो.

संघशाखेशी तुलना करणाऱ्यांना मी साम्य नाकारत नाही. ठरलेला पोशाख, रांग, घोषणा, खेळ, देशभक्ती आणि उन्हाळी शिबिर हे सगळे दोन्हीकडे दिसते. पण इथे रोजची हजेरी नाही, प्रौढ प्रचारक नाहीत, आणि मुले-मुली एकाच शाखेत असतात, जे आपल्याकडे सेवा दलात पाहायला मिळते. एकत्र असण्याचा हा मुद्दा धार्मिक समाजात मोठ्या वादाचाही आहे. मुलामुलींना पूर्ण वेगळे ठेवावे, असे मानणाऱ्यांनी १९८० च्या सुमारास ‘अरिएल’ ही निराळी चळवळ काढली, आणि बेने अकिवातही काही शाखा गट वेगळे ठेवतात, काही ठेवत नाहीत. मला स्वतःला एकत्र शाखा बरी वाटते. शाळा आधीच वेगळ्या असताना मुलांनी एकमेकांशी साधे बोलायला शिकावे तरी कुठे?

शाखेचे वर्ष ज्या महिन्याभोवती फिरते, तो ज्यू पंचांगातला हेश्वान. त्याच्या आधीच्या तिश्री महिन्यातले सारे सण उरकलेले असतात आणि हेश्वानमध्ये सर्वांनी पाळायचा एकही सण नसतो, म्हणून तो मोकळा महिना चळवळीने आपल्यासाठी घेतला. महिनाभर प्रत्येक गट नाटक, नाच आणि झेंड्यांची कवायत बसवतो, आपल्या खोलीच्या भिंती नव्याने रंगवतो, रात्री जागवतो, अभ्यास बुडवतो. या महिन्यात शाळेचे निकाल कसे लागतात ते कोणत्याही आईला विचारा. शेवटच्या शब्बाथनंतरच्या रात्री नववीच्या गटाला कायमचे नाव मिळते. तारांच्या अक्षरांना आग लावून ते नाव उजळवतात आणि मैदानात एकच कल्लोळ होतो. नाव त्या एका गावापुरते नसते. देशातल्या सर्व शाखांतल्या त्या वयाच्या मुलांना तेच नाव मिळते. त्यामुळे चाळिशीतली दोन अनोळखी माणसे बसमध्ये शेजारी बसली आणि एकाने आपल्या गटाचे नाव सांगितले, की दुसऱ्याला त्याचे वय कळते.

या सगळ्यात उणे काहीच नाही असे नव्हे. शाखा सोळा वर्षांच्या मुलांवर चालते आणि धार्मिक घरांतली याच वयाची पुष्कळ मुले निवासी शाळांत जातात. अशा शाळांचे मोठे जाळे बेने अकिवाच्याच नावाने उभे आहे. मुले एक शनिवार सोडून एका शनिवारी घरी येतात. मोठ्या शहरात हे निभावते. दक्षिणेकडच्या नेगेव्ह वाळवंटातल्या आमच्यासारख्या लहान गावात मात्र एखाद्या वर्षी मद्रिख पुरत नाहीत, दोन इयत्ता एकत्र बसवाव्या लागतात आणि कोमुनारित जर खमकी नसेल तर शाखा ओस पडते. चळवळीच्या शाळांनीच चळवळीच्या शाखांची माणसे न्यावीत, हे मला आजही पटत नाही. दुसरे उणे अधिक गंभीर आहे. श्रम म्हणजे शेती आणि किबुत्झ असे ज्या चळवळीने सुरुवातीला मानले, तिच्यात १९६७ च्या युद्धानंतर जॉर्डन नदीच्या पश्चिम किनाऱ्यावर (वेस्ट बँकेत) वस्त्या वसवणे हाच आदर्श ठरत गेला. १९७४ मध्ये निघालेल्या ‘गुश एमुनिम’ या वस्त्या वसवणाऱ्या चळवळीचे कितीतरी पुढारी बेने अकिवात वाढलेले होते. नांगराची जागा नकाशाने घेतली, हे ज्यांना खुपते अशा धार्मिक पालकांत मी आहे, आणि तरीही मुलांना पाठवत आले.

आमच्या समाजातली वडीलधारी माणसे धार्मिक संस्था म्हटली की अजूनही थोडी सावध होतात, त्याला कारण आहे. १९६२ मध्ये मुख्य रब्बिनेटने, म्हणजे इस्राएलच्या सर्वोच्च धर्मपीठाने, बेने इस्राएलांच्या विवाहासाठी पूर्वजांची चौकशी करण्याचे आदेश काढले होते, आणि जेरुसलेममधल्या आंदोलनानंतर १९६४ मध्ये क्नेसेतने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, आम्ही सर्वार्थाने ज्यू आहोत असे जाहीर केल्यावर ते बदलले गेले. कोकणात ज्यांना शेजारी ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण त्यांचा घाणा शनिवारी बंद असे, त्या लोकांना आपले ज्यूपण सिद्ध करायला लावणे हा अपमान होता आणि तो विसरला गेलेला नाही. शाखेत मात्र मोरोक्कन, इथिओपियन, रशियन आणि आमची मुले एकाच रांगेत उभी असतात, आणि ती रांग लावणारी मुलगी कधी कधी पेणकर किंवा रोहेकर आडनावाची असते.

भारतातून नव्याने येणारे पालक शेवटी एवढेच विचारतात, की मुलाला हिब्रू येत नाही, तरी पाठवावे का? पाठवावे, आणि लवकर पाठवावे. वर्गात न बोलणारे मूल खेळताना बोलू लागते. घरी काटेकोर शब्बाथ पाळत नसलात तरी मुलाला कोणी दारातून परत पाठवत नाही. शाखेच्या अंगणात फोन मात्र नेऊ देऊ नका. वर्गणी वर्षातून एकदा असते, शिबिराचा खर्च वेगळा, आणि तो झेपत नसेल तर कोमुनारितला सरळ सांगा, ती वाट काढते. मूल नववीत असेल तर हेश्वानच्या आधीच त्याला शाखेत घाला, म्हणजे नाव मिळायच्या रात्री ते आपल्या गटासोबत उभे असेल; त्यानंतर आलेल्या मुलालाही गट सामावून घेतो, पण त्याला जास्त वेळ लागतो.