आयटीआय म्हणजे कितवी?

दहावीचा निकाल लागला की माझा फोन तापतो. फिटर ट्रेडला निदेशक म्हणून बावीस वर्षं काढली. आता निवृत्त आहे, तरी भावकीतले, गावाकडचे, कुणाच्या तरी ओळखीचे सगळे एकच विचारतात : “सर, आयटीआय म्हणजे कितवी हो?” परवा तर एका स्थळाच्या बोलणीत मुलीच्या मामांनी बायोडाटा माझ्यापुढे सरकवला आणि ‘शिक्षण : आयटीआय’वर बोट ठेवून हेच विचारलं. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका शब्दातलं उत्तर आहे, नाही असं नाही. केंद्र सरकारनं २०१३ साली कौशल्य शिक्षणाचा राष्ट्रीय आराखडा काढला, त्याला आम्ही एनएसक्यूएफ म्हणतो. आधी त्यात दहा पायऱ्या होत्या. २०२३ पासून आठ आहेत आणि मध्ये अडीच, साडेतीन, साडेचार अशा अर्ध्याही आहेत. या शिडीवर दहावी तिसरीवर, बारावी चौथीवर, तीन वर्षांची पदवी साडेपाचवर आणि पीएचडी आठवीवर. दोन वर्षांचा फिटर किंवा इलेक्ट्रिशियन चौथीवर बसतो. त्यामुळे मामांना मी “बारावीच्या बरोबरीचा” म्हणालो, आणि ते खोटं नव्हतं. पण तोच मुलगा उद्या बारावीचं गुणपत्रक मागणाऱ्या अर्जात नुसतं ‘बारावी’ लिहील तर अडकेल. पायरी एकच, कागद वेगळा. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पास झालेल्याला बोर्डाचे भाषा विषय देऊन बारावीची समकक्षता घेता येते, पण फॉर्म भरून त्या परीक्षेला बसावं लागतं. कितीतरी पोरं ते पुढं ढकलतात आणि पंचविशीत आठवण येते.

पायरी वर्षांवरून ठरते असं लोकांना वाटतं. आराखडा वाचलात तर त्यात जबाबदारीचाही रकाना आहे. तिसऱ्या पायरीवरचा माणूस कुणाच्या तरी नजरेखाली काम करतो. चौथीवरचा आपल्या कामाला आपण जबाबदार. पाचवीवर दुसऱ्याच्या कामाचीही थोडी जबाबदारी येते. सरकारी कागदात इतकं नेमकं काही असेल असं मला आधी वाटलं नव्हतं, कारण हे मी वर्कशॉपमध्ये रोज बघत होतो. फिटरची सुरुवात कानशीनं होते. लोखंडाचा तुकडा व्हाइसला, म्हणजे टेबलावरच्या पकडीला, बांधायचा आणि कानस मारून सपाट करायचा, मग शेजारची बाजू काटकोनात आणायची. पहिले दोन महिने पोरं दर दहा मिनिटांनी जॉब घेऊन यायची, “सर, झालं?” मी गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून खिडकीकडे धरायचो. मधून उजेडाची रेघ दिसली की जा परत. तळहाताला फोड यायचे, एखाददुसरा पळूनही जायचा.

आता कागदांचं. ट्रेडची परीक्षा पास झालात की मिळते ती एनटीसी, म्हणजे नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट. त्यानंतर कारखान्यात अॅप्रेंटिसशिप करून, परीक्षा देऊन मिळते ती एनएसी, म्हणजे नॅशनल अॅप्रेंटिसशिप सर्टिफिकेट, १९६१च्या अॅप्रेंटिस कायद्याखालची. हिला पोरं कमी लेखतात, मी लेखत नाही. रेल्वेच्या लेव्हल-१, म्हणजे सर्वात खालच्या वेतनश्रेणीच्या, भरतीत रेल्वेतच अॅप्रेंटिसशिप पुरी केलेल्यांना २० टक्के जागा राखीव असतात. तिसरा रस्ता पॉलिटेक्निकचा. दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्याही थेट दुसऱ्या वर्षाला. कागदावर ही शिडी झकास दिसते. माझी हुशार पोरं तिथं गणितात आपटली, कारण बाकीच्यांनी पहिल्या वर्षी केलेलं गणित यांनी केलेलंच नसतं. जायचं असेल तर आधीची सुट्टी गणितात घाला, एवढंच सांगतो. काही आठवड्यांचे कौशल्य कोर्स असतात, त्यांचं प्रमाणपत्र वाईट नाही, पण ते आयटीआय नव्हे. आणि उस्तादाच्या हाताखाली वीस वर्षं गवंडीकाम केलेल्यालाही आरपीएलमधून, म्हणजे आधीच शिकलेल्या कामाला मान्यता देणाऱ्या सोयीतून, आपल्या कामाचा कागद मिळू शकतो, हे फार थोड्यांना माहीत असतं.

निवृत्तीच्या दोनेक वर्षं आधी प्रवेशाच्या दिवसांत एक वडील मुलाला घेऊन आले. पिशवीतून लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र काढलं. ‘डिप्लोमा इन मेकॅनिकल’, वर सोनेरी शिक्का, खाली ‘आयएसओ ९००१’. एका खाजगी संस्थेत वर्षभर घालवून, ऊस गेल्यावर आलेल्या पैशातून फी भरून मिळवलेलं. त्यांचा प्रश्न होता की पोराला आता थेट दुसऱ्या वर्षाला घेता येईल का. मी दोनदा उलटसुलट केलं. परीक्षा कुणी घेतली, मान्यता कुठल्या मंडळाची किंवा परिषदेची, पायरी कितवी, काहीच छापलेलं नव्हतं. आयएसओ ९००१ म्हणजे संस्थेचा कारभार ठरल्या पद्धतीनं चालतो एवढंच, कोर्सच्या मान्यतेशी त्याचा संबंध नाही. हे सांगताना माझीच जीभ अडखळली. वडील म्हणाले, “पण लॅमिनेशन त्यांनीच करून दिलं हो.” 

मुलगा दहावी पास होता. शेवटच्या फेरीत फिटरला जागा मिळाली आणि तो पहिल्या वर्षाला बसला, बाकीच्यांपेक्षा एका वर्षानं मोठा. बोलायचा कमी. सुरुवातीला तोही दर दहा मिनिटांनी यायचा. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात एकदा त्याला फिटिंगचा जॉब दिला होता, नर-मादी एकमेकांत बसवायचा. तास संपत आला, बाकीचे हात पुसून उभे. त्यानं दोन्ही तुकडे एकात एक सरकवले, खिडकीकडे धरले, एक डोळा मिटून पाहिलं. मला माझ्या टेबलावरूनही वाटलं की बसला जॉब. मी वही उघडून मार्क टाकायला घेतले, तोवर त्यानं जॉब पुन्हा व्हाइसला बांधला होता.