समसप्तक

25 जानेवारी 2024, गुरुवार, पौष पौर्णिमा

गुरुपुष्य असल्यामुळे सराफकट्ट्यावर ही गर्दी. तिथून निघून संध्याकाळी आम्ही दोघं सांगलीच्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर जाऊन उभे राहिलो. सांगलीवाडीकडे सूर्य टेकलेला आणि गावाच्या अंगाला चंद्र वर आलेला, ओल्या हळदीच्या रंगाचा. आज सूर्य मकरेत, चंद्र कर्केत. ह्यांची रास मकर, माझी कर्क. पौर्णिमा म्हणजे सूर्य-चंद्राचा समसप्तक योगच, दोघं एकमेकांपासून सातव्या राशीत, समोरासमोर. पंचांगात कितीदा वाचलेलं, पण आज आमच्याच राशींत डोळ्यांनी पाहिलं आणि मला भरून आलं.

लग्न ठरताना पत्रिकेत राशीकूटाचे, म्हणजे दोघांच्या राशी जुळण्याचे, सातच्या सात गुण मिळाले होते. तरी गुरुजी म्हणाले होते, "राशींचे स्वामी चंद्र आणि शनी आहेत, जरा सांभाळून घ्यावं लागेल." खरंच लागलं. चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस असतो, शनी अडीच वर्षं. मी सकाळी रुसले तर दुपारच्या चहापर्यंत विसरते. ह्यांना एखादी गोष्ट लागली की महिनोन्‌महिने मनातून जात नाही. शिवाय दोन्ही राशी चर, म्हणजे पुढाकार दोघांनाही हवा. सुरुवातीची वर्षं भांडणातच गेली.

मग 2019 चा ऑगस्ट आला. इथे, या पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. पाणी 57 च्या वर गेलं. आम्ही वरच्या मजल्यावर. हे जिन्याच्या पायऱ्यांवर खडूने खुणा करत होते, शेजारी वेळ लिहून. मी रडत होते आणि मनात चिडत होते, या माणसाला काहीच कसं वाटत नाही! पाचवी पायरी बुडाली तसे म्हणाले, "आता निघायचं." कागदपत्रं, औषधं, लेकीचं दप्तर, सगळं प्लास्टिकमध्ये आधीच बांधून तयार. मी मात्र शेजारच्या आजींना घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणून उंबऱ्यातच बसले. ह्यांच्या हिशेबात आजी नव्हत्याच. क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग काही न बोलता आजींना पाठुंगळी घेऊन बोटीपर्यंत गेले.

गुरू, दयेचा ग्रह, कर्केत उच्चीचा म्हणजे सगळ्यात बळकट आणि मकरेत नीचीचा म्हणजे दुबळा. मंगळ, धीराचा ग्रह, मकरेत उच्चीचा आणि कर्केत नीचीचा. हे शिकले होते, पण कळलं त्या जिन्यावर. तो खडू धरण्याइतका हात माझा स्थिर नव्हता, आणि आजी ह्यांच्या ध्यानात आल्या नसत्या. थोरल्या जाऊबाई मेषेच्या, भाऊजी तुळेचे. तिथे रवी आणि शनीचं असंच आहे. त्यांच्या घरातही मला ते दिसतं.

सूर्य बुडाला, नदीवरून गार वारा यायला लागला. मी म्हटलं, "चला, कुकर लावायचाय."

"थांब गं," हे म्हणाले, "अजून जरा वर येऊ दे त्याला."

पिशवीतून माझी शाल काढून दिली. निघताना त्यांनीच घेतली होती.