एक वाक्य, बाजारातली मासळी आणि अरबी व्याकरण

गोव्यातून कुवेत-मस्कतला नोकरीसाठी जाणारे बरेचदा नमस्कार-चमत्कार आणि आकडे पाठ करून विमानात बसतात. त्याऐवजी म्हापशाच्या बाजारात रोज कानावर पडणारं एक वाक्य नीट फोडावं: ‘मी बाजारातून मासळी घेतली.’

प्रमाण अरबीत ते होतं ‘इश्तरैतुस्समकऽ मिनस्सूकि’. अवग्रह (ऽ) आहे तिथला ‘अ’ स्पष्ट म्हणायचा. मराठी जीभ शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गिळते, इथे तोच कर्म दाखवतो.

सुटे तुकडे असे: इश्तरैतु, अस्समकऽ, मिन, अस्सूकि. क्रियापद पहिलं. त्याच्या शेवटच्या ‘तु’मध्येच ‘मी’ आहे, म्हणून वेगळं ‘अना’ लागत नाही. मराठी माणूस अडखळतो तो इथेच. आपण मासळी ‘घेतली’, बांगडे ‘घेतले’ म्हणतो, क्रियापद कर्मामागे धावतं. अरबीत बांगडे घ्या नाहीतर इसवण (सुरमई), ‘इश्तरैतु’ बदलत नाही. बदलतं ते घेणाऱ्यावरून: तू (पुरुष) इश्तरैतऽ, तू (बाई) इश्तरैति, त्याने इश्तरा, तिने इश्तरत.

‘समक’ हा ‘मासळी’सारखाच समूहवाचक शब्द, एकच मासा असेल तर ‘समका’. आधी ‘मिन’ (पासून, -तून) आला की नामाचा शेवट ‘इ’ होतो, म्हणून सूकि. ‘सूक’मधला ‘क’ पडजिभेपाशी काढायचा, आपला नेहमीचा नव्हे.

आता ‘अल’. अरबीच्या अठ्ठावीस अक्षरांपैकी चौदा ‘सूर्याक्षरं’. त्यांच्यापुढे ‘ल’ विरतो आणि ते अक्षर दुप्पट होतं: अल+समक, अस्समक. लिहिताना मात्र ‘ल’ तसाच राहतो, त्यामुळे नुसतं वाचून शिकणारा हमखास ‘अल-समक’ म्हणतो. बाकीच्या चौदांपुढे ‘अल’ शाबूत, जसं अल-क़मर.

खरी गंमत विशेषणात आहे. रख़ीस म्हणजे स्वस्त. ‘अस्समकुर्रख़ीसु’ (अस्समकु + अर्रख़ीसु) म्हटलं तर ‘स्वस्त मासळी’, वाक्य अर्धवट. ‘अस्समकु रख़ीसुन’ म्हटलं तर ‘मासळी स्वस्त आहे’, वाक्य पुरं. वर्तमानकाळी ‘आहे’साठी शब्दच नाही. विशेषणाला ‘अल’ आहे की नाही, एवढ्यावर सगळं. घासाघीस करताना पहिलं म्हणालात तर विक्रेता पुढच्या शब्दाची वाट बघत राहील.

नकार द्यायचा तर ‘लम अश्तरि’, घेतली नाही. ‘लम’नंतर क्रियापद वर्तमानाच्या रूपात येतं आणि ‘अश्तरी’तला दीर्घ ‘ई’ ऱ्हस्व होतो. भाव विचारायला ‘बिकम अल-किलो?’ पुरे.

आखातातल्या बाजारात मात्र हे शेवटचे अ-इ-उ कुणी उच्चारत नाही. तिथे ‘सूक’चा बहुधा ‘सूग’ होतो, कुवेतमध्ये ‘समक’चा ‘सिमच’. तरी शेवट शिकावेतच, बातम्यांचं आणि छापील मजकुराचं व्याकरण त्यांच्यावरच चालतं. आणि इसवण हवं असेल तर ‘कनअद’ मागा.