तुमच्याकडे त्यांचं काय अडकलंय?

भोसरी एमआयडीसीतल्या एका शीट मेटल कारखान्यात मी हिशेब आणि कमर्शियल बघते. इलेक्ट्रिकल पॅनेलच्या पेट्या आम्ही बनवतो. 2021 मध्ये चेन्नईच्या एका कंत्राटदार कंपनीला पाणीपुरवठ्याच्या पंपिंग स्टेशनसाठी अशा पेट्या पुरवल्या. शेवटची गाडी जूनमध्ये गेली आणि 38 लाख रुपये अडकले ते अडकलेच. आमच्याएवढ्या कारखान्याला 38 लाख म्हणजे काय, हे बँकेचं सीसी, म्हणजे उचल कर्जाचं खातं रोज उघडून बघणाऱ्यालाच कळतं. पगाराच्या आठवड्यात दादांकडे बघवत नसे. मालकांना आम्ही सगळे दादाच म्हणतो.

कंपनीचं म्हणणं होतं की पावडर कोटिंग सुटलं, माल रिजेक्ट. पण हे त्यांनी कळवलं ते ऑक्टोबरमध्ये, शेवटचा माल उतरून घेतल्यावर चार महिन्यांनी.

वकिलांचा शोध सुरू झाला. एक म्हणाले, सरळ दावा ठोकू. दुसऱ्यांनी पीओची, म्हणजे खरेदी ऑर्डरची, मागची बाजू वाचली. तिथे बारीक अक्षरांत लवादाची, म्हणजे कोर्टाऐवजी खाजगी निवाड्याची अट होती: वाद झाल्यास कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक नेमतील तो एकमेव लवाद, ठिकाण चेन्नई. त्यांचा सल्ला असा, की अट मान्य करून सही केली आहे, आता चेन्नईलाच जावं लागेल. तिसऱ्यांनी तर ‘वसुलीचे दहा टक्के द्या, बाकी माझ्यावर सोडा’ म्हणून सांगितलं. वसुलीवर टक्केवारी ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे. पहिल्याच भेटीत जो आपल्या व्यवसायाचा नियम बाजूला ठेवतो, त्याच्या हाती कारखान्याचे कागद द्यायचे नाहीत, हे मी दादांना स्पष्ट सांगितलं.

मग आमच्या सीएंनी एका वकीलबाईंचं नाव सुचवलं. व्यापारी वादांत त्यांची बरीच वर्षं गेलेली. पक्षकारांच्या बाजूने उभ्या राहिल्या होत्या, स्वतः लवाद म्हणून निवाडे दिले होते आणि मध्यस्थीचं प्रशिक्षणही घेतलेलं होतं. डिसेंबर 2022 मध्ये आम्ही त्यांच्याकडे गेलो. दादा घडलेलं सगळं सांगायला लागले, तेव्हा मॅडमनी त्यांना हाताने थांबवून मला विचारलं, “उद्यम नोंदणी कोणत्या तारखेची? आणि पहिला पीओ?”

लघु उद्योग म्हणून सरकारकडे केलेली ती नोंदणी सप्टेंबर 2020 ची, पीओ फेब्रुवारी 2021 चा.

“मग चेन्नईला जायचं कारण नाही,” त्या म्हणाल्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या 2006 च्या कायद्यात पैसे थकल्यास कौन्सिलकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, जाण्याची सोय आहे. माल पुरवणाऱ्याचा कारखाना जिथे, तिथली कौन्सिल. खरेदीदार देशात कुठलाही असो. पीओत लवादाची अट असली तरी हा कायदा तिच्या वर चढतो, हे सर्वोच्च न्यायालयाने महाकाली फूड्सच्या प्रकरणात 31 ऑक्टोबर 2022 रोजी, म्हणजे आमच्या भेटीच्या थोडंच आधी, ठरवून टाकलं होतं. नोंदणी मात्र कराराच्या आधीची हवी. आमची होती. शिवाय एकाच बाजूच्या संचालकाने लवाद नेमायची अट 2019 च्या पर्किन्स ईस्टमन निकालानंतर टिकत नाही, हेही त्यांनी सांगितलं.

त्यांनी त्याच भेटीत खर्चही मांडला. लवाद कायद्याच्या चौथ्या अनुसूचीप्रमाणे 38 लाखांच्या दाव्याला लवादाची फी 1 लाख 51 हजार 500, एकटाच लवाद असेल तर त्यावर आणखी 25 टक्के. वकिलांची फी, चेन्नईच्या फेऱ्या वेगळ्या. त्यांची स्वतःची फी त्यांनी लेखी दिली: कौन्सिलच्या कामाची वेगळी, मध्यस्थीच्या दिवसाची वेगळी.

निघताना त्यांनी विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यात बसला. “त्यांच्याकडे तुमचं काय अडकलंय ते कळलं. तुमच्याकडे त्यांचं काय अडकलंय?”

दादा म्हणाले, “काहीच नाही.” मला मात्र त्यांच्या साइट इंजिनिअरचे मेल आठवले. कोटिंगच्या जाडीचे टेस्ट रिपोर्ट, पत्र्याची एमटीसी (गिरणीचं चाचणी प्रमाणपत्र), गॅरंटी सर्टिफिकेटं पाठवा म्हणून तो मागे लागला होता. पैसे येईनात म्हणून दादांनी ती फाइल पाठवू दिली नव्हती. ऐकून मॅडमनी वहीत नोंद केली आणि बाकी काही बोलल्या नाहीत.

लघु उद्योगांच्या थकबाकीसाठीच्या सरकारी ‘समाधान’ पोर्टलवर अर्ज गेला, कौन्सिलची नोटीस गेली, आणि इतके दिवस फोन न उचलणाऱ्या कंपनीच्या वकिलांनी स्वतःहून मध्यस्थीचा विषय काढला. मॅडम तयार झाल्या, पण एका अटीवर: येणाऱ्या माणसाकडे कंपनीच्या संचालक मंडळाचं अधिकारपत्र हवं. “विचारून सांगतो म्हणणारा माणूस समोर बसला तर दिवस वाया जातो,” त्या म्हणाल्या.

मध्यस्थीचा दिवस एप्रिल 2023 मधला. शिवाजीनगरला एका निवृत्त जिल्हा न्यायाधीशांचं ऑफिस, मधोमध लांब टेबल आणि शेजारी दोन छोट्या खोल्या. समोर त्यांचे कमर्शियल हेड, कायदा अधिकारी आणि वकील.

माझी अपेक्षा होती की मॅडम उभ्या राहतील आणि कलमांचा मारा करतील. दारूगोळा तर होता. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत नसेल तर माल स्वीकारला असं कायदा धरतो. त्यांची हरकत चार महिन्यांनंतरची. 45 दिवसांनंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. मॅडमच्या सांगण्यावरून मी त्याचा तक्ता केला होता. बँक रेट 4.25 वरून 6.75 टक्क्यांवर गेलेला, म्हणजे व्याज पावणेतेरापासून सव्वावीस टक्क्यांपर्यंत. रक्कम 11 लाखांच्या वर. आणि निवाडा आमच्या बाजूने लागला तर त्याला आव्हान देण्याआधी कंपनीला 75 टक्के रक्कम भरावी लागणार.

यातलं काहीही मॅडमनी टेबलावर उच्चारलं नाही. मध्यस्थांना आधीच दोन पानी टिपण दिलं होतं, तेवढंच. सुरुवातीची पाच मिनिटं त्यांनी दादांना बोलू दिलं. दादा हिंदीत, अडखळत बोलले. एका लॉटमधल्या ग्लँड प्लेटांचं, म्हणजे केबल आत घ्यायच्या खालच्या पत्र्यांचं कोटिंग समुद्रकाठच्या साइटवर सुटलं, हे त्यांनी मान्य केलं. मॅडमनी आदल्या दिवशीच समजावलं होतं की मध्यस्थीत बोललेलं पुढे कौन्सिलसमोर पुरावा म्हणून येत नाही, तेव्हा खरं ते सांगा. समोरच्या कमर्शियल हेडनी तेव्हा पहिल्यांदा पेन खाली ठेवलं.

मग वेगवेगळ्या खोल्या. मध्यस्थ त्यांच्याकडून पहिला आकडा घेऊन आले: 22 लाख, एकरकमी, विषय संपला. दादा ताडकन उठले. माझंही डोकं फिरलं. मॅडम शांतपणे मध्यस्थांना म्हणाल्या, “सर, आकड्यावर नंतर बोलू. त्यांच्या क्लायंटने त्यांचं रिटेन्शन सोडलं का, एवढं विचाराल?” रिटेन्शन म्हणजे काम पूर्ण होईपर्यंत क्लायंट राखून ठेवतो ते पैसे.

मध्यस्थ बऱ्याच वेळाने परत आले. रिटेन्शन सुटलं नव्हतं. सरकारी क्लायंट पूर्ण कागदपत्रांशिवाय काम हस्तांतरित करून घेत नव्हता, आणि अडलेल्या कागदांत आमचे टेस्ट रिपोर्ट होते. आमच्या कपाटातल्या हिरव्या बॉक्सफाइलवर त्यांचे आमच्या थकबाकीच्या कितीतरी पट पैसे थांबले होते.

दादा लगेच म्हणाले, “मग आता पूर्ण व्याज मागा.” मॅडमनी नकारार्थी मान हलवली. “आत्ता ताणलं तर ते दुसऱ्या लॅबकडून रिपोर्ट करून घेतील. त्यांना वेळ लागेल, पण ते करतील. आज फाइल दोघांच्याही उपयोगाची आहे, उद्या नसेल.”

मग त्यांनी माझ्याकडून एक कागद मागून घेतला. 31 मार्च 2022 चं बॅलन्स कन्फर्मेशन, म्हणजे बाकी किती ते मान्य केल्याचा कागद. ऑडिटसाठी आम्ही दर वर्षी पाठवतो तसंच एक पत्र, खाली त्यांच्या अकाउंट्सची सही, किंचित वाकडा निळा शिक्का आणि पूर्ण रक्कम, एक रुपयाही न कापता. रिजेक्शनच्या मेलनंतर पाच महिन्यांनी दिलेलं. मला वाटत होतं, हे सकाळीच तोंडावर फेकायला हवं होतं. मॅडमनी ते मध्यस्थांच्या हातात दिलं. “त्यांच्या खोलीत दाखवायला माझी परवानगी आहे. एकत्र बैठकीत नको. आमच्यासमोर काढलं तर त्यांना आपल्याच खात्याच्या सहीचा बचाव करत बसावं लागेल.”

अनुभवी वकिलाची फी कशाची, हे मला त्या मिनिटाला दिसलं. कायदा बाकीच्यांनाही माहीत असतो. कोणता कागद कोणाच्या हाताने, कोणत्या खोलीत, कितव्या तासाला पुढे जायला हवा, हे जाणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

संध्याकाळपर्यंत आकडा बसला: मुद्दल 38 लाख, दुरुस्तीपोटी 2 लाख वजा, व्याजाचे साडेचार लाख. एकूण साडेचाळीस लाख. 20 लाख सही होताच आरटीजीएसने, उरलेले सव्वादहा लाखांच्या दोन पुढच्या तारखांच्या धनादेशांनी. एकही धनादेश परत आला तर सोडलेलं सगळं व्याज पुन्हा चढणार. टेस्ट रिपोर्टची फाइल पहिली रक्कम जमा होताच त्यांच्या माणसाच्या हातात.

दादांना वाटलं, झालं. मॅडमनी मसुदा माझ्यापुढे सरकवला. “या 2 लाखांची नोंद कशी करणार?” 2021-22 च्या पुरवठ्याची जीएसटी कमी करणारी क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) काढायची मुदत 30 नोव्हेंबर 2022 ला संपली होती. म्हणून जीएसटीला हात न लावणारी नुसती आर्थिक क्रेडिट नोट, असं स्पष्ट वाक्य आम्ही घातलं. नाहीतर त्यांच्या अकाउंट्सने 2 लाखांवरचा जीएसटीही कापला असता आणि नवीन भांडण उभं राहिलं असतं.

तडजोडनामा पुढच्या तारखेला कौन्सिलसमोर दाखल झाला. आता त्याला लवादाच्या निवाड्याचं बळ होतं, पैसे चुकवले तर नव्याने दावा लढवायची गरज नव्हती. दोन्ही धनादेश वेळेवर वटले.

त्याच वर्षी त्या कंपनीची नवीन चौकशी आली. दादांनी मॅडमकडून अटींचा मसुदा तपासून घेतला आणि कोटेशन पाठवलं: 40 टक्के आगाऊ, लवाद दोघांच्या संमतीने, ठिकाण पुणे. पीओ आला तेव्हा मी आधी त्याची मागची बाजू वाचली. तिन्ही अटी तशाच होत्या.