कच्च्या विटा आणि बिननावाचं वादळ

बेळगावच्या खानापूर तालुक्यात जांबोटी रस्त्याला आमची वीटभट्टी आहे. 2025च्या मे महिन्यात शेवटच्या भट्टीच्या 20 हजार विटा थापून झाल्या होत्या. निम्म्याहून जास्त अजून ओल्याच. मिरगाला पंधरवडा होता, म्हणून मी निवांत होतो.

22 तारखेला बातमी आली, गोव्यापुढच्या समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालंय. थापणाऱ्या मामांनी विचारलं, "नाव काय त्याचं?" नाव नव्हतं. "मग कसलं वादळ ओ, मालक!" मलाही ते पटलं. ताडपत्र्या शेडातच राहिल्या.

नाव मिळतं वारा ताशी 62 किलोमीटरवर गेल्यावर. 31 ते 49 असला की नुसतं 'डिप्रेशन'. मे महिन्यात समुद्र तापलेला असतो. वाफ वर चढते, तिचे ढग होताना उष्णता सुटते, खालचा दाब उतरतो आणि चहूकडून वारा आत ओढला जातो. पाण्यावर पुरेसे दिवस मिळाले तर हेच वाढत जातं. याला किनारा फार जवळ पडला. 24ला सकाळी ते डिप्रेशन झालं, दुपारी रत्नागिरी-दापोलीच्या मधे जमिनीवर चढलं. खालचं गरम पाणी सुटलं आणि ते विरत गेलं.

रत्नागिरी आमच्यापासून किती लांब! पण आपल्याकडे वादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलटा फिरतो, त्यामुळे त्याच्या दक्षिणेला तो पश्चिमेचा असतो. समुद्रावरची सगळी ओल घेऊन तो सरळ आमच्या घाटावर आदळला. कणकुंबीकडचं आभाळ सकाळीच काळं झालं होतं. वारा असा नव्हताच, शेडाचा पत्रासुद्धा वाजला नाही. नुसती धार लागली होती. आम्ही ताडपत्र्या ओढेपर्यंत खालून पाणी शिरलं, आणि ओळीच्या ओळी बसत गेल्या, आवाज न करता. मामा गुडघ्यावर बसून विटा उचलायला बघत होते, बोटं आत रुतत होती.

त्याच दिवशी मान्सून केरळात पोचला, नेहमीपेक्षा आठ दिवस आधी. ऊन परत मिळालंच नाही, भट्टी पेटली नाही.

थापणीची मजुरी दर हजार विटांमागे असते. मामा हिशेबाला आले तेव्हा उभ्या राहिलेल्या विटाच मोजून आले होते. मी 20 हजारांचे पैसे दिले. विटा त्यांनी थापल्या होत्या, झाकायच्या माझ्याकडून राहिल्या होत्या.